चकतीच्या जागी सुपारी

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तो माझ्या शिक्षणासाठी, असं अजूनही नातेवाइकांत सांगितलं जातं. मी कॉलेजात होते, कॉम्प्युटरचा कोर्स लावला होता, घरी सराव हवा म्हणून बाबांनी आणि काकांनी मिळून तो घेतला. हे सगळं खरं आहे. पण त्या कॉम्प्युटरसमोर सगळ्यात जास्त वेळ कोण बसलं असं विचाराल, तर माझी आई आणि माझी काकू. मी आपली नावाला.

तेव्हा आम्ही सोलापुरात एकत्र राहायचो. दोन भावांचे दोन संसार आणि चूल एक. आई थोरली जाऊ, काकू धाकटी. आई मोहोळकडची, बोलायला फटकळ. काकू बार्शीची, बोलायला गोड आणि करायचं तेच करणारी. दोघी एकमेकींवर जीव टाकायच्या आणि दिवसातून दोनदा भांडायच्या. भांडण बहुतेक भाकऱ्यांवरून. रोजच्या पंचवीसेक भाकऱ्या लागायच्या. एक दिवस आईची पाळी, एक दिवस काकूची. कुणाच्या पाळीला पाहुणे आले, कुणाची पाळी एकादशीला पडून फुकट सुटली, यावरून दोघी वकिलांसारख्या बोलायच्या.

मी एक गाड्यांच्या शर्यतीचा खेळ आणला होता. अशोक चौकाकडं एका माणसाचं नेट कॅफेचं दुकान होतं, त्याच्याकडूनच घेतला. साधी कॉपी मागितली तर त्यानं दिली नाही. "ओरिजिनल घ्या ताई, डब्यातली. कॉपी मधीच अडकती, मग माज्या नावानं बोंब," म्हणाला. तेव्हा मला तो लबाड वाटला. डबा चांगला जाड होता, वर लाल गाडीचं चित्र, आत सीडी. ही सीडी ड्राइव्हमध्ये घातल्याशिवाय खेळ सुरूच व्हायचा नाही. आई तिला चकती म्हणायची. घरात सगळेच मग चकती म्हणायला लागले.

मी कॉलेजात गेल्यावर दुपारी या दोघी काय करतात हे मला कित्येक महिने माहीत नव्हतं. एकदा तास लवकर सुटला म्हणून घरी आले, तर आतून काकूचा आवाज, "ए बाई, वळ की, वळ की, आगं वळ!" मला वाटलं म्हैस शिरली घरात. जाऊन बघते तर दोघी एका कीबोर्डला भिडलेल्या. आई खुर्चीवर, काकू डाव्या बाजूला स्टुलावर. पडद्याचे आडवे दोन भाग, वरच्या भागात आईची लाल गाडी, खालच्या भागात काकूची पोपटी. आईकडं उजवीकडची बाणांची बटणं, काकूकडं डावीकडची अक्षरं. दोघींच्याच दोन गाड्या रस्त्यावर. काकू गाडीशी बोलायची. आई गाडीशी बोलायची नाही, पण ब्रेक म्हणून काही असतो हे तिनं कधीच मान्य केलं नाही.

मग कळलं की भाकऱ्यांची पाळी केव्हाच बंद झाली होती. रोज दुपारी तीन शर्यती, जी हरेल तिनं दुसऱ्या दिवशीच्या भाकऱ्या थापायच्या. नियम दोघींनी मिळून केला होता आणि तो इतका कडक पाळला जायचा की एकदा आईला ताप होता तरी हरल्यावर ती उठून परातीपाशी बसली. काकूनं पीठ हातातून ओढून घेतलं तर म्हणाली, "शर्यतीत दया करतेत व्हय?" पाळीवरनं होणारी भांडणं मात्र संपली. त्याऐवजी "तू मला धक्का दिलीस" यावरून व्हायला लागली.

पुढं काका निवृत्त झाले, त्यांच्या मुलाला बार्शीत कॉलेजात नोकरी लागली, आणि काकू तिकडं गेली. भांडून नाही, रडून गेली. जाताना कॉम्प्युटरवरची धूळ पदरानं पुसून गेली. त्यानंतर आई त्या खेळाला शिवली नाही. एकटीनं काय खेळायचं, असं म्हणायची. मी शाळेत गणित शिकवायला लागले, माझा लॅपटॉप आला, बाबा गेले, आणि जुना कॉम्प्युटर कोपऱ्यातल्या टेबलावर एका जुन्या चादरीखाली झाकलेला राहिला. विकायचा विषय निघाला की आई म्हणायची, "असू दे, काय खायला मागतोय का?"

गेल्या वर्षी आई स्टुलावरून पडली. स्टूल तेच, काकूचं. माळ्यावरून पापडाचा डबा काढायला चढली होती. मी घरात होते, मला हाक मारायची तर "तू वह्या तपासत हुतीस की" म्हणाली. पापडाचा डबा शाबूत राहिला, उजवं मनगट मोडलं. दवाखान्यात जातानाही तिनं मला डब्याचं झाकण नीट लागलंय का बघून यायला लावलं.

सहा आठवडे प्लास्टर. तेवढे दिवस तिनं मजेत काढले, खरं सांगते. बसल्या जागेवरून मला स्वयंपाक शिकवायची हौस तिनं पुरी भागवून घेतली. मला भाकरी येत नाही. म्हणजे येते, पण ती कडेनं फाटते आणि मधे जाड राहते, आणि आई ती हातात घेऊन उजेडात धरून बघते. शेवटी मी कोपऱ्यावरच्या भाकरी केंद्रातून भाकऱ्या आणायला लागले. आईनं पहिल्या दिवशी एक घास खाल्ला आणि म्हणाली, "चांगली हाय. कुनाच्या हातची हाय पन?" मी म्हणाले, काय माहीत, चार बायका असतात तिथं. दुसऱ्या दिवसापासून ती अर्धीच भाकरी खायला लागली.

प्लास्टर निघालं तेव्हा खरी पंचाईत कळली. बोटं वाकेनात. अंगठा आणि पहिलं बोट जुळेना. व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं, "हात वापरला नाहीत तर बोटं अशीच आखडून राहतील. आत्ताचे दोन-तीन महिने महत्त्वाचे." त्यांनी दाबायला एक पिवळा रबरी चेंडू दिला. चार दिवसांनी मला तो चेंडू मिक्सरच्या लंगड्या पायाखाली सापडला. मी चिडले. मी लवकर चिडते, शाळेत पोरं मला घाबरतात, घरात मात्र कुणी घाबरत नाही.

"लहान पोरावानी चेंडू काय दाबायचा?" आई म्हणाली.

"मग हात तसाच राहू दे."

हे मी बोलून गेले आणि लगेच जीभ चावली. आई आपल्या हाताकडं बघत होती. मग अगदी हळू म्हणाली, "भाकरी थापता नाय आली तर गं? मला दुसरं काय येतंय?"

हिला शिवण येतं, शेंगाचटणी येते, अख्ख्या गल्लीची भांडणं मिटवता येतात, पण तिच्या लेखी ती म्हणजे तिचा तो हात होता. तोपर्यंत मी मोडलेल्या मनगटाचा विचार करत होते. ती कशाला घाबरली होती, ते मला त्या दिवशी कळलं. ती परातीकडं बघायची सुद्धा नाही. मी म्हणायचे, एक करून बघ, लहानशी. ती म्हणायची, आज नको, पीठ जुनं हाय. पीठ परवाच दळून आणलेलं असायचं.

आणि मग एका सकाळी चहा पिता पिता तीच म्हणाली, "ती गाडी लाव की."

"कुठली गाडी?"

"आमची. लाल. दाबायचंच हाय तर त्या चेंडूपरीस बटनं बरी."

मला इतका आनंद झाला की मी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली. चादर काढली. कॉम्प्युटर चालू केला तर तीनदा शिट्टी वाजवून बंद पडला. चौथ्यांदा कसाबसा उघडला. खेळाचं चित्र पडद्यावर तसंच होतं. त्यावर टिचकी मारली आणि एक चौकट आली: सीडी ड्राइव्हमध्ये घाला.

डबा सापडायला वेळ लागला नाही. आई डबे टाकत नाही. लाल गाडीच्या डब्यात ब्लाउजचे हूक, दोन सुटी बटणं, सुईत ओवलेला काळा दोरा आणि बाबांच्या घड्याळाचा पट्टा होता. चकती नव्हती. मी कपाट उपसलं, टेबलाचे खण उपसले, गादीखाली बघितलं. आई मला थांबवत नव्हती आणि मदतही करत नव्हती. ती खिडकीतून बाहेर बघत होती. माझ्या आईला मी ओळखते. ती बाहेर बघायला लागली की गुन्हा घरात असतो.

"आई?"

"ते पाखरं लई झाली हुती त्या साली," ती म्हणाली.

मोहोळजवळ माझ्या मामाची डाळिंबाची बाग आहे. पोपट आणि बुलबुल फळं टोचतात म्हणून तिकडं सगळेच तारेला जुन्या सीड्या बांधतात. वाऱ्यानं त्या फिरतात, चमकतात, पाखरं बिचकतात. मामानं फोन करून बहिणीला विचारलं होतं, चकचकीत काही आहे का. बहिणीनं घरातल्या सगळ्या चकत्या, माझ्या कोर्सच्या, नातेवाइकांच्या लग्नांच्या व्हिडिओच्या, सगळ्या गोळा करून एसटीनं स्वतः नेऊन दिल्या होत्या. वर दोरे सुद्धा हिनंच ओवले होते.

"खेळाची पण दिलीस?"

"तीच तर लई चमकत हुती."

रविवारी मी मोहोळची एसटी धरली. मामा बांधावर वाट बघत उभा होता. बागेत दोन ओळींच्या मधून तार गेली होती आणि तिच्यावर चाळीसेक चकत्या लटकत होत्या. आणि त्या चकत्यांच्या मधोमध, त्याच तारेवर, सहा पोपट ओळीनं बसले होते. मी मामाकडं बघितलं.

"आता सवय झाली त्यांला," मामा म्हणाला. "पयल्या साली लई भ्याली."

आम्ही एकेक चकती हातात घेऊन बघत गेलो. उन्हानं सगळ्यांवरची अक्षरं उडाली होती. शेवटून तिसरी हातात घेतली तर तिच्यावर लाल रंगाचा एक पुसट कोपरा आणि गाडीचं अर्धं चाक. मी आनंदानं ओरडले. पोपट उडाले. मग चकती उलटी केली, आणि तिच्यातून मामाचा चेहरा दिसला. चांदीचा थर सोलून गेला होता, नुसतं प्लास्टिक उरलं होतं.

मामानं ती घेतली, सदऱ्याला पुसली, पुन्हा त्यातून माझ्याकडं बघितलं. "चालंल की गं. जरा धुऊन बग." मग माझं तोंड बघून म्हणाला, "हिच्यापरीस दुसरी ने. हितं लई हायत." शेवटी त्यानं मला पिशवीभर डाळिंबं दिली. एसटीत बसल्यावर मला हसू यायला लागलं, आणि मोहोळ मागं पडेपर्यंत थांबलं नाही. शेजारची बाई जरा सरकून बसली.

नवीन चकती मिळणं शक्य नव्हतं. तो खेळ आता कुणी विकत नाही, आणि माझ्या लॅपटॉपला चकती घालायला जागाच नाही. तेव्हा मला त्या नेट कॅफेवाल्याची आठवण झाली. त्याचं दुकान अजून आहे, पण आता तिथं नेट बघायला कुणी येत नाही. झेरॉक्स, पीक विम्याचे अर्ज, कॉलेजचे अर्ज, असं चालतं. तो विणकर घरातला, दुकानात आईशी फोनवर तेलुगूत बोलतो आणि गिऱ्हाइकाशी आपल्या सोलापुरी मराठीत. केस सगळे पिकलेत, पण मला बघताच म्हणाला, "गाडीवाल्या ताई."

मी सगळं सांगितलं, पोपटांसकट. तो मांडीवर हात मारून हसला. मग एकदम गंभीर झाला.

"डबा हाय का?"

"डबा आहे. चकती नाही."

"डबा आना. डबा बगितल्याशिवाय मी देत न्हाई. ज्यानं इकत घेतलंय त्यालाच देतो, हा माजा नेम हाय."

मी दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले. घाईत हूक काढायचे राहिले होते. त्यानं डबा उघडला, हूक आणि बटणं काउंटरवर ओतली, झाकणात अडकवलेलं माहितीचं पुस्तक बघितलं, आणि हूक पुन्हा मोजल्यासारखे जपून आत भरले. मग आतल्या खोलीतून एका टॉवेलात गुंडाळलेली हार्डडिस्क आणली. त्याच्याकडं तेव्हा सहा कॉम्प्युटर होते आणि प्रत्येक खेळाची चकती एकच. पोरं घासून घासून चकत्या खराब करायची, म्हणून त्यानं प्रत्येक चकतीचा जसाच्या तसा साचा या हार्डडिस्कवर काढून ठेवला होता. कॅफे बंद झाला तरी टाकला नाही. "कोन तरी येईल म्हनून ठेवलं," म्हणाला. "तुमी पयल्याच."

तो संध्याकाळी स्वतः घरी आला. कॉम्प्युटरचं झाकण उघडलं, धुळीची अख्खी गादी बाहेर काढली, पालीच्या अंड्यांची टरफलं काढली. मग त्यानं माझ्याकडं खोडरबर मागितलं. मला वाटलं चेष्टा करतोय. त्यानं मेमरीची पट्टी काढली आणि तिचे पितळी दात खोडरबरानं घासले, शाळेत आम्ही चुकलेलं गणित खोडतो तसे. पट्टी परत बसवली, बटण दाबलं, आणि कॉम्प्युटर एकाच शिट्टीत उघडला. आईनं त्याच्यापुढं डाळिंबाची वाटी ठेवली.

मग त्यानं साचा आत घातला आणि एक खोटा ड्राइव्ह तयार केला. खराखुरा नाही, नुसता नावाचा. चकती त्यात आहे असं कॉम्प्युटरला सांगायचं, की तो मानतो. मी गणिताची बाई असून मला ते समजायला जरा वेळ लागला. आई बाजूला बसून ऐकत होती.

"म्हंजे चकती न्हाई, पन हाय म्हनायचं?" तिनं विचारलं.

"व्हय मावशी."

"आन् हा कॉम्प्युटर ऐकतोय?"

"ऐकतोय की."

आई म्हणाली, "म्हंजे सुपारी."

आम्ही दोघं तिच्याकडं बघत राहिलो. "आरं, सत्यनारायनाला बायको गावाला गेली असली तर भटजी यजमानाच्या कमरेला सुपारी लावतेत न्हवं? सुपारी लावली की बायको हजर. पूजा पुडं चालू. द्येवाला चालतंय तर ह्याला का न्हाई चालनार?"

दुकानदारानं डोळे मिटून मान डोलावली. इतक्या वर्षांत इतकं सोपं कुणी सांगितलं नव्हतं, म्हणाला. आता तो प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच सांगतो, असं ऐकते. त्यानं खेळावर टिचकी मारली, तर या वेळी चकती मागणारी चौकट आली नाही. लाल गाडी पडद्यावर आली, तिचा तो जुना घरघराट सुरू झाला, आणि आईनं पदर खोचला.

पहिला आठवडा वाईट गेला. एकटीनं खेळायचं म्हणजे कॉम्प्युटरच्या गाडीशी खेळायचं. वळायचं बटण बोटाखाली असून दाबलं जायचं नाही. लाल गाडी दर वळणावर भिंतीला जाऊन भिडायची आणि तिथंच घरघरत राहायची. एकदा आई उठून आत गेली आणि देवापाशी बसली. मी गेले नाही मागं. मला रडू येत होतं आणि ते तिला दिसायला नको होतं.

दुसऱ्या आठवड्यात ती एकदम जिंकायला लागली. मी शाळेतून आले की "आज दोन जितले" म्हणायची. मला शंका आली. एक दिवस चपला दाराबाहेर काढून गुपचूप आत आले, तर बाईसाहेब डाव्या हातानं खेळत होत्या. उजवा मांडीवर.

मी शाळेतल्या आवाजात ओरडले. आई तशी दचकली नाही. "हात हातच की, डावा काय न् उजवा काय," म्हणाली. मी डाव्या हातात जपाची माळ दिली, तर "डाव्या हातानं माळ ओढतेत व्हय?" म्हणून माझ्याच अंगावर आली. शेवटी डाव्या हातात शेंगदाण्याची भरलेली वाटी धरायला लावली. दाणा सांडला की शर्यत बाद. मी समोर वह्या घेऊन बसायचे. पोरांच्या वह्या तपासत एक डोळा वाटीवर. अशी परीक्षा मी वर्गात कधी घेतली नसेल.

हळूहळू पहिलं बोट वाकायला लागलं. मग मधलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, चेंडू नियमित दाबता ना? आई म्हणाली, "व्हय, रोज." चेंडू अजून मिक्सरखालीच होता. पण परातीचं नाव काढलं की आई विषय बदलायची. दोनदा मी पीठ मळून समोर ठेवलं. एकदा तिला लाइट बिल भरायचं आठवलं आणि एकदा तिची चप्पल शिवायची होती.

काकूचा फोन रोज यायचा. आई तिला सांगायची, हात झ्याक हाय. काकूला खरं मी सांगायचे, बाहेर गॅलरीत जाऊन. एका शनिवारी काकू न सांगता बार्शीच्या एसटीनं आली. आल्या आल्या पिशवीतून कापडात बांधलेल्या दहा भाकऱ्या काढून ओट्यावर ठेवल्या.

आईनं भाकऱ्यांकडं बघितलं. "हितं काय पीठ मिळत न्हाई?"

"तुमच्या हाताला इसावा, अक्का," काकू म्हणाली.

जेवणं झाली. काकूनं चादर काढलेला कॉम्प्युटर बघितला आणि तिचा चेहरा उजळला. स्टूल ओढलं, डावीकडं बसली. चकती कुठंय म्हणाली, तर आईनं ऐटीत सांगितलं, "सुपारी लावलीय." मला वाटीची आठवण करून द्यायची गरजच नव्हती, आईनं डावा हात आपणहून मांडीखाली घालून ठेवला.

"नियम तोच," आई म्हणाली. "तीन. हरंल तिनं भाकऱ्या."

काकूनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, हो म्हण.

पहिली शर्यत आई जिंकली. काकूची गाडी सरळ रस्त्यावर दोनदा भिंतीला धडकली, आणि मला ते खरं वाटलं नाही. आईलाही वाटलं नसावं. दुसऱ्या शर्यतीत आईनं असं काही केलं की काकूला हरताच येईना. आई मागंच राहिली, आरामात, रस्ता बघत आल्यासारखी. एक-एक झालं.

तिसरी सुरू झाली. काकू बोलत नव्हती, हे तर नवलच. लाल आणि पोपटी बरोबरीनं धावत होत्या. शेवटचं वळण दोघींनी सुरेख घेतलं. पुढं सरळ रस्ता आणि रेघ. आणि रेघेच्या अलीकडं, हातभर अंतरावर, पोपटी गाडी थांबली. तिच्या शेजारी लाल गाडी थांबली.

काकूनं हात मांडीवर ठेवले. आईनंही हात मांडीवर ठेवला. दोन्ही गाड्या जागच्या जागी घरघरत होत्या. मी दोघींच्या मागं उभी होते.

"जावा की अक्का पुडं," काकू म्हणाली. तिला हरायचं होतं. हरली की भाकऱ्या तिच्याकडं, आणि आईचा हात वाचला.

"तू जा," आई म्हणाली.

"तुमी थोरल्या."

"मग थोरलीचं ऐक."

काकू हलली नाही. तिचे डोळे भरले होते. "अक्का, हात दुखंल वो."

आईनं उजवा हात उचलला. मला वाटलं डोळे पुसणार काकूचे. तिनं तो कीबोर्डवरून पलीकडं नेला, काकूच्या बाजूला, तिचं पुढं जायचं बटण शोधलं आणि पहिल्या बोटानं दाबून धरलं. तेच बोट, जे दोन महिन्यांपूर्वी वाकत नव्हतं. पोपटी गाडी सुटली आणि रेघ ओलांडून गेली. पडद्यावर काकूच्या भागात दिवे लागले.

"हरले म्या," आई म्हणाली आणि उठली.

नियमाप्रमाणं भाकऱ्या दुसऱ्या दिवशीच्या होत्या. आई त्याच वेळी स्वयंपाकघरात गेली. परात काढल्याचा आवाज आला, मग डब्याचं झाकण, मग पाणी. मी आत जायला निघाले तर काकूनं माझा हात घट्ट धरला. आम्ही दोघी तिथंच बसून राहिलो. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग थाप पडली. एक, मग जरा थांबून दुसरी. मग थांबणं कमी होत गेलं.

आई ताट घेऊन बाहेर आली. भाकरी एका कडेनं फाटली होती आणि मधे जाड होती, अगदी माझ्यासारखी. तिनं ती उजेडात धरून बघितली नाही. ताट काकूच्या मांडीवर ठेवलं.

"जेवन झालंय की माजं," काकू नाक ओढत म्हणाली.

"जितलीस न्हवं?" आई म्हणाली. "मग खा गुमान."